खोलवणची खानेसुमारी

खोलवण हे संगमेश्वर तालुक्यातलं गाव. त्याला स्वतःची हद्द होती, सातबारे होते, गावदेवी होती. नव्हती ती फक्त माणसं. २००१च्या फेब्रुवारीत आत्माराम मास्तर जनगणनेचे कागद काखोटीला मारून, कातळ चढून तिथे पोचले, तेव्हा तेवीसपैकी बावीस घरांना कुलपं होती. माणसं सगळी मुंबईला. उरलेल्या घरात येसूबाई एकटी राहत होती. पंचाहत्तरीची, पण तोंडानं फटकळ.

“लिवा मास्तर,” ती म्हणाली. “गौरव, त्याची बायको, दोन पोरा...” असं करत तिनं मुलासुनांची, नातवंडांची अकरा नावं सांगितली.

“काकी, त्यांना मुंबईत मोजणार. इथे तुम्ही एकट्याच.”

“ऱ्हातात मुंबयला, पन हायेत खोलवणची! शिमग्याला येतात तवा बगा, घरात पाय ठेवायला जागा नसते.” मग तिचा आवाज उतरला. “तलाठी सांगत होता, मानूस नसला की सरकार गावाला बेचिराग लिवतं. दिवा लावायला पन कोन न्हाय, असा. माज्या माघारी खोलवणला तसा लिवलेला मला नको, मास्तर.”

मास्तरांचा जीव कळवळला. देवरूखच्या तालुका कचेरीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना हे कुठून कळायचं? पण नियम तो नियम. कागदावर त्यांनी एकच नाव लिहिलं आणि तोंडानं म्हणाले, “लिहिली हो काकी. बाराच्या बारा.”

म्हातारी हरखली. त्यांना बसवून घेऊन तिनं आंबोळ्या खाऊ घातल्या. त्या मास्तरांना गोड लागल्या नाहीत.

मोजणी धरायची ती एक मार्चच्या सुरुवातीची. तोवर कुणी जन्मलं तर वाढवायचं, कुणी गेलं तर खोडायचं, म्हणून पुन्हा एक फेरी असते. त्या फेरीच्या सकाळी मास्तर खोलवणात आले आणि थबकले. येसूबाईच्या दारापुढच्या खळ्यात चपलांचा ढीग पडला होता. पोरं माडाखाली हुंदडत होती. म्हातारी दोन दिवसांपूर्वी गेली होती, आणि तिनं सांगितलेली अकराही माणसं गावाला आली होती.

ओटीवर बसलेला गौरव त्यांना बघून उठला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले.

“मास्तर, आमची नावं घातलीत ना? आईनं पत्रात कळवलं होतं. गावाची काळजी मिटली, म्हणाली.”

“मुंबईत मोजून गेले तुम्हाला?”

“हो, चाळीत बाई आल्या होत्या.”

मास्तर आत गेले. माजघरात, जिथं म्हातारीनं प्राण सोडला तिथं, पणती तेवत होती. तिला नमस्कार करताना त्यांना रडू आवरेना. ज्याच्याशी खोटं बोललो तो माणूसच गेला की ते फेडायला जागा उरत नाही.

बाहेर येऊन ते खळ्याच्या दगडी गडग्यावर बसले. कागद काढला, येसूबाईच्या नावावर आडवी रेघ मारली आणि खाली एकूण लोकसंख्येच्या रकान्यात शून्य लिहिलं. पलीकडे नातवंडांचा दंगा चालला होता. कुणीतरी त्यांना दटावत होतं.

“मास्तर,” गौरवनं ओटीवरून विचारलं, “किती झाली माणसं आमच्या गावात?”

मास्तरांनी कागदाची घडी घालून पिशवीत टाकली.

“बारा,” ते म्हणाले, आणि कातळाच्या वाटेला लागले.