कुशाबाचा डावा पाय

कुडपणच्या चढावर कुशाबाची मोटारसायकल दुसऱ्या गिअरमधून सटकली, मागे घरंगळली आणि दुधाच्या किटल्यांसकट चरात गेली. माणूस बचावला, ढोपर तेवढं सोललं. पण मुंबईहून मुलगा विनीत फोनवर असा काही कडाडला की विचारू नका. "बास झालं बाबा! रविवारी येतो आणि गाडी विकून टाकतो. वय झालं तुमचं." आता गाडी गेली तर डोंगरावरच्या माणसानं करायचं काय? येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं? कुशाबाला अन्न गोड लागेना.

त्याची मुलगी तेजश्री पोलादपुरात हायवेलगतच्या गॅरेजात कामाला. ती महाडला आयटीआयला गेली तेव्हा हाच कुशाबा चारचौघांत म्हणाला होता, पोरीच्या हाताला ग्रीस शोभत नाय. आता मुकाट टेम्पोत गाडी घालून तिच्याच दारात येऊन उभा राहिला.

तेजश्रीने क्लचची तार बघितली, चेन हलवून बघितली. दोन्ही ठीक. मग गाडी स्टँडवर चढवून म्हणाली, "बाबा, बसा. डोळे मिटा आणि घर गाठा."

"येडी झालीस का गो?"

"बसा तर."

कुशाबा लाजत बसला. पण डोळे मिटले मात्र, गडी निघालाच की! "ह्ये आंब्याचं वळण... हा खडा चढ..." अंग झुकत होतं, हात वळत होते. तेजश्री खाली बसून फक्त त्याचा डावा पाय बघत होती. चढ आला की तो पाय गिअरवर असा रुतायचा की चपलेतली बोटं पांढरी पडायची.

"पाय का दाबून धरलाय?"

"मग? सोडला तर गिअर निसटंल ना!"

चिखलणी झाली की बैलांमागच्या फळीवर उभं राहून कुशाबाने जन्मभर भातखाचरं सपाट केली होती. तिथे पायाचा भार ढिला पडला की फळी उडालीच. तोच न्याय त्याने गाडीला लावला होता.

तेजश्रीने इंजिन उतरवून खोललं आणि कुशाबा बघतच राहिला. लाटण्याच्या तुकड्याएवढा एक ड्रम, त्यावर नागमोडी खाचा. खाचांतून चिमट्यासारखे दुहाती फोर्क सरकत होते आणि फोर्कांच्या चिमटीतले गिअर आपापल्या जागी जात होते. तिने ड्रम बोटाने फिरवला. कट, कट, कट.

"आयला! ह्ये सगळं माझ्या पायाखाली चालत होतं?"

तिने एक फोर्क त्याच्या तळहातावर ठेवला. एका बाजूने झिजून पातळ झालेला, तापून निळा पडलेला. "हा तुमचा पाय. गिअर एकदा पडला की आपला आपण राहतो; वरून दाबून धरलात म्हणून हा घासून झिजला आणि गिअर सटकायला लागला."

कुशाबाच्या अंगावर काटा आला. त्या बंद पेटीत, तेलाच्या अंधारात, आपला पाय इतक्या आत पोचला होता! लोखंड झिजवलं होतं त्याने. तो फोर्क त्याने खाली ठेवलाच नाही.

रविवारी विनीत गॅरेजात आला तोवर नवे भाग बसले होते. "फोर्क जुना झालेला, बदलला," तेजश्रीने बापाच्या चुकीवर पांघरूण घातलं. पण कुशाबाला कुठला दम! खिशातून फोर्क काढून तो ओरडला, "ह्ये बघ रे! लोखंड हाय, आणि माझ्या पायानं खाल्लंय!"

तेजश्रीने कपाळाला हात लावला.

"म्हणजे चूक तुमचीच," विनीत म्हणाला.

"माझीच की!"

"दादा, तू मागे बस," तेजश्री म्हणाली. "बाबा पाय उचलून चालवतील. गिअर सटकला तर आजच विक गाडी."

बापलेक घराकडे निघाले आणि खडा चढ आला. मागून विनीतची बोटं खांद्यात रुतली. कुशाबाने दुसरा गिअर टाकला, दात आवळले आणि पाय उचलून फूटरेस्टवर ठेवला.

गाडी चढत राहिली. वळण गेलं, त्याच्या पुढचंही गेलं.

"राह्यला रे!" कुशाबा ओरडला.

"काय राहिलं?"

"गिअर! कुणी धरलेला नाय, तरी राह्यला!" त्याचे डोळे भरून आले होते.

विनीतची बोटं सैल झाली. "बरं, बरं," तो म्हणाला. "समोर बघून चालवा."