'येतो' लिहिलेलं बटण

मी कोल्हापूर जिल्ह्यातली पोरगी हाय, त्यामुळं आले-गेले म्हणत न्हाय. आलो, गेलो म्हणतो. पुण्याच्या लोकांनी हसायचं तर खुशाल हसावं. पुढं त्याचा संबंध येणार हाय, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

दोन हजार सात साल. मी गडहिंग्लजची, प्रसेनजीत गडमुडशिंगीचा. कॉम्प्युटरचा कोर्स एकत्र केलेला. मी कोल्हापुरात, कसबा बावड्यात, चिमणामावशींच्या घरी भाड्यानं राहायचो, आणि त्यांच्याच पुढच्या खोलीत आम्ही दोघं मोबाईलची सॉफ्टवेअरं करायला बसलो. कुणाच्या हाताखाली राबायचं न्हाय, आपलं आपण करायचं, ही कल्पना त्याची. मी कल्पनेपेक्षा त्याच्यावरच जास्त भाळलोतो, आता त्यात काय लाजायचं.

पहिलं काम ठरलं एसटीचं टाइमटेबल. गाव निवडलं की गाडी कधी ते मोबाईलवर दिसणार. ॲप हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडात न्हवता, लोक सरळ गेम म्हणायचे. त्या टीचभर स्क्रीनवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे, म्हणून एकेका अक्षराचं मी चित्र काढलं. त्या 'क्ष'नं माझा जीव खाल्ला.

थोडंफार चालायला लागल्यावर मावशींच्या हातात दिलं. त्यांची लेक गडहिंग्लजला दिलेली. गाडीची वेळ बघून मावशी खूश झाल्या, आणि खालच्या कोपऱ्यातलं बटण वाचून भडकल्या.

"बाहेर पडा? माझ्याच घरात बसून मला बाहेर पडा म्हणतंय व्हय रं हे?"

प्रसेनजीतनं हसत हसत ते खोडून 'जातो' केलं. मग तर मावशींनी पदरच खोचला.

"अक्कल हाय का न्हाय तुला? घरातनं निघताना जातो म्हणत्यात व्हय? जातो म्हणणारा माणूस परत येत न्हाय. येतो म्हणायचं."

म्हणून बटणावर 'येतो' आलं. बायकांसाठी वेगळं करायची गरजच न्हवती, आमच्यात सगळ्यांचंच येतो. त्या दिवसापासनं प्रसेनजीत संध्याकाळी निघताना मुद्दाम ओरडायचा, "मावशी, येतो!" आणि माझ्याकडं बघून हसायचा. त्या हसण्यासाठी मी दिवसभर काम करत असायचो.

मग त्याला पुण्यात नोकरी लागली. काम निम्मंच झालेलं. "थोडे दिवस बघतो," म्हणाला. "तू हे पुरं कर. मग दुसरं आपण मिळून करू की." मी स्टँडवर सोडायला गेलतो. गाडी हलली तसं खिडकीतनं म्हणाला, "येतो." मी तेवढा शब्द धरून बसलो.

पुरं केलं मी ते. एका मोबाईलवर पळायचं, ते दुसऱ्यावर उघडायलाच कुथायचं. राजारामपुरीतल्या दुकानांत बसून गिऱ्हाईकांचे मोबाईल मागायचो, टाकून बघायचो, शिव्या घालत परत यायचो आणि परत करायचो. शेवटी झालं. दुकानदार ब्लूटूथनं लोकांना टाकून द्यायला लागले. एकदा स्टँडवर उभं राहून बघितलं. कॉलेजच्या पोरी, बाजाराला आलेली माणसं, मोबाईलवर गाडीची वेळ बघत होती आणि ते बटण दाबत होती. सगळं कोल्हापूर येतो म्हणत होतं, आणि ज्यानं यायचं त्याचा पत्ता न्हवता.

त्याचा फोन आधी रोज यायचा, मग रविवारी, मग दिवाळीला. माझ्या डोक्यात नव्या कल्पना लई होत्या. एकीलाही हात लावला न्हाय. दुसरं मिळून करायचं ठरलंतं न्हवं? त्याच्या खुर्चीवर मी कुणाला बसू दिलं न्हाय. लई आठवण यायची आणि तेवढाच रागही यायचा.

त्याच्या बहिणीच्या, सोनमच्या लग्नाला तो गावाकडं आला, तेव्हा खोलीवर आला. आपल्या खुर्चीत बसला. माझ्या मोबाईलवर सगळं उघडून बघितलं.

"मस्तच झालंय गं, प्रेरणा." मग कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाला, "फक्त बायकांसाठी 'येते' पण ठेवायला हवं ना?"

मी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिलो. हे बोलणं आमच्याकडचं न्हवतं. तरी धीर करून विचारलं, "दुसरं कधी सुरू करायचं?"

त्यानं 'येतो' दाबलं. स्क्रीन बंद झाली. मोबाईल टेबलावर ठेवत म्हणाला, "तू कर की. तुला जमतंय की एकटीला."

तो उठला. मी दारापर्यंत गेलो. बाहेर मावशी शेंगा फोडत बसलेल्या.

"निघालास व्हय रं?"

"हो मावशी, जातो."

मला वाटलं, आता मावशी पदर खोचून उठतील, त्याला झापतील, त्याच्या तोंडातनं येतो काढल्याशिवाय सोडणार न्हाईत. मी वाट बघत थांबलो. मावशींनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घालून परत शेंगा फोडायला लागल्या.