तिसावरचं कुलूप

सलिल आगटे या माणसाचा मला राग आहे, हे आधीच सांगून टाकते. उगाच नंतर कुणी म्हणायला नको की उल्काबाईंनी साळसूदपणाचा आव आणला. राग होता, आहे, आणि यंदाच्या खंडेनवमीला मी तो चारचौघांत पुरेपूर काढला. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही काढला असतात.

आमचे हे, गोपाळकृष्ण, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. मुळात वैमानिक व्हायचं होतं, चष्म्यापायी राहिलं. निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवर विमान उडवायला लागले. तुम्ही हसाल, मीही हसले होते. पण सदाशिव पेठेत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर असे दहा-बारा हौशी म्हातारे जमतात आणि त्याला रीतसर नाव आहे, गगनविहार मंडळ. दर खंडेनवमीला लोक हत्यारं-अवजारं पुजतात, तशी ही मंडळी जॉयस्टिकला हळदकुंकू वाहतात, मॉनिटरला झेंडूचा हार घालतात आणि मग त्यांची स्पर्धा होते. लोहगावच्या धावपट्टीवर विमान उतरवायचं. प्रत्येकाला तीन खेपा. किती अलगद टेकलं आणि किती सरळ थांबलं, ते रंगराव वहीत लिहितात. रंगराव एक्याऐंशीचे, सगळ्यांत वडील, त्यामुळे त्यांच्या शब्दापुढे कुणी बोलत नाही.

सलग तीन वर्षं ही स्पर्धा आमच्या ह्यांनी जिंकली. आणि सलग तीन वर्षं दुसरा आला सलिल. दर वेळी हात मिळवायचा, दर वेळी म्हणायचा, "गोपाळ, पुढच्या वर्षी बघ हं." मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मंडळाचं मशीन एकच, पण सेटिंगची फाईल ज्याची त्याची. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी आपापले पेन ड्राइव्ह सलिलकडे द्यायचे, खोलीची किल्ली त्याच्याकडे असते. सकाळी लवकर येऊन तो सगळ्यांच्या फायली मशीनवर चढवतो. इतकी वर्षं हेच चाललंय, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. निवृत्त माणसं एकमेकांच्या पेन ड्राइव्हवर कसला संशय घेणार!

गेल्या वर्षी हे नेहमीसारखे खुर्चीत बसले. मी मागे बसून बघत होते. विमान पश्चिमेकडून येतं, विश्रांतवाडीच्या इमारतींवरून खाली उतरतं आणि धावपट्टीला लागतं. वर आकाशात सगळं झकास होतं. विश्रांतवाडी आली आणि विमान हिसके खायला लागलं. नाक वर, नाक खाली, पुन्हा वर. हे सावरायला जायचे आणि ते आणखी बिघडायचं. पहिल्या खेपेला आपटलं, दुसऱ्या खेपेला गवतात गेलं, तिसऱ्या खेपेला तर धावपट्टीच्या आधीच टेकलं.

सलिल पुढे आला. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "गोपाळ, मशीन तेच, धावपट्टी तीच. हात तेवढे तुझे आहेत. वय झालं रे. एकदा डॉक्टरला दाखवून घे."

आणि मग खुर्चीत बसून स्वतः पहिला आला.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक माणूस हळूहळू मिटत गेला. घरी येऊन ह्यांनी तोच पेन ड्राइव्ह लावून तीन दिवस सराव केला. तेच हिसके. चौथ्या दिवशी कॉम्प्युटरवर चादर टाकली. मग दाढी करायला सलूनमध्ये जायला लागले, म्हणे आपल्या हातातल्या वस्तऱ्याचा भरवसा नाही. बँकेत सही करताना घाम फुटायला लागला. न्यूरॉलॉजिस्ट झाले, डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे. हे बाहेर येऊन मला म्हणाले, "डॉक्टर धीर देतात गं. माझे हात मला कळतात." जेवताना मध्येच हात पुढे धरून बोटांकडे बघत बसायचे. अडुसष्ट वर्षांच्या धडधाकट माणसाचं हे रोज बघायचं म्हणजे काय, ते मीच जाणे.

यंदा गौरी बसवायला मला कॉम्प्युटरचं टेबल हवं होतं, म्हणून सगळा पसारा हलवला. गौरी गेल्यावर तो पुन्हा मांडला आणि चालतंय का बघावं म्हणून पेन ड्राइव्ह लावून स्वतःच बसले. हे तेव्हा खाली कर्वेनगरच्या बागेत फिरायला गेले होते. ह्यांच्या मागे बसून बसून निम्मं विमान मलाही येतं. विश्रांतवाडीवर आले आणि बसला हिसका.

मी एकतीस वर्षं कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेतली आहेत. मुलं चुकीचं रीडिंग आणायची तेव्हा मी पहिला प्रश्न विचारायची, माणूस बदलून बघितलंत का? आता माणूस बदलला होता. माझे हात तर चांगले ठणठणीत आहेत, मग मला हिसके का?

मग मी खोदायला बसले. दोन दिवस वाचलं. फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात तो आकडा. लोकांना वाटतं, आकडा मोठा की विमान मऊसूत. साफ चूक! सत्तर चित्रं येता येता एकदम अठरा आली, मग पन्नास, मग पुन्हा वीस, की डोळा आणि हात यांचा मेळ जातो. त्यापेक्षा सारखी तीसच येऊ देत, विमान लोण्यासारखं उतरतं. म्हणून ह्यांनी फार पूर्वी आपल्या फाईलमध्ये आकडा तिसावर लॉक केला होता आणि पडद्यावर दिसणाऱ्या इमारती बेताच्या ठेवल्या होत्या. एकदा लावलं ते लावलं, पुन्हा कधी उघडून बघितलं नाही. ती जुनी फाईल कॉम्प्युटरमध्ये तशीच होती. पेन ड्राइव्हवरच्या फाईलमध्ये मात्र दोन ओळी वेगळ्या होत्या. तिसाचं कुलूप काढून तिथे 'अनलिमिटेड', आणि इमारती शंभर टक्के. वर आकाशात आकडा मस्त सत्तर दाखवणार आणि दाट वस्ती आली की मशीनला झेपणार नाही आणि आकडा कोसळणार. फाईल बदलल्याची तारीख होती गेल्या वर्षीची खंडेनवमी, वेळ सकाळी आठ वाजून बारा मिनिटं. आठ वाजता हे घरी आंघोळ करत होते. किल्ली आणि पेन ड्राइव्ह कुणाकडे होते, ते सांगायला नको.

मेल्याने एक वर्ष माझ्या नवऱ्याला जिवंतपणी म्हातारा केला!

त्याच संध्याकाळी ह्यांना सांगता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण मग काय झालं असतं? ह्यांनी फोन केला असता, सलिल म्हणाला असता, "अरे, चुकून हात लागला असेल," आणि आमचे भोळे सांब म्हणाले असते, "असेल, असेल." संपलं. तो ज्या खोलीत बोलला त्या खोलीतल्या कुणाला काही कळलं नसतं. छे! मला ते त्याच खोलीत हवं होतं. त्याच खुर्चीत, त्याच माणसांसमोर. आणि हे सुगावा लागू न देता राहणाऱ्यांतले नव्हेत, तोंडावर सगळं दिसतं. म्हणून मी गप्प बसले. दोन्ही फायली तारखेसकट छापून आणल्या आणि साड्यांच्या घडीत ठेवल्या.

मधल्या काळात हे पुन्हा एकदा डॉक्टरांकडे जाऊन आले. घटस्थापनेला त्यांनी स्कूटर विकली. मी म्हटलं, "घाई कशाला?" ते म्हणाले, "कुणाला उडवलं म्हणजे?" घेणाऱ्याने गाडीला हार घातला, हे खिडकीत उभे राहून बघत होते. सांगून टाकावं असं वाटलं. पण मनात म्हटलं, नऊ दिवस, फक्त नऊ दिवस, मग त्या सलिलचा चेहरा बघण्यासारखा होईल. रोज रात्री झोपताना मी तो चेहरा बघत होते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी सलिलला फोन केला. "भावजी, यंदा पूजेची मांडणी मी करते. किल्ली द्याल?" तो तर खूश. "वहिनी, तुमच्यासारखी रांगोळी आम्हा पुरुषांना कुठली जमायला! फायली मी आजच चढवून ठेवतो. गोपाळलाही आणा, बघायला तरी." बघायला तरी! मी म्हटलं, आणते की.

सकाळी सातला खोली उघडली. रांगोळी काढली, हार घातले आणि मग मशीनवर बसून सलिलच्या फाईलमध्ये दोन ओळी बदलल्या. त्याने ह्यांच्या फाईलमध्ये ज्या केल्या त्याच. जास्त काही केलं नाही, मला कुणाचं देणं नको आणि घेणं नको. मग हात धुऊन नैवेद्याला पेढे ठेवले.

ह्यांना ओढूनच आणलं होतं. ते अगदी मागच्या खुर्चीत बसले. पूजा झाली, पाच-सहा जणांच्या खेपा झाल्या आणि नेहमीसारखे शेवटी सलिल महाराज बसले. आकाशात ऐटीत आले. विश्रांतवाडी आली. काय हिसका बसला म्हणता! पहिल्या खेपेला आपटलं. दुसऱ्या खेपेला गवतात. खोलीत खसखस पिकली. सलिलच्या मानेवर घाम दिसायला लागला आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की देवासमोर खोटं कशाला बोलू.

मी पुढे झाले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भावजी, मशीन तेच, धावपट्टी तीच. हात तेवढे तुमचे आहेत. वय झालं. डॉक्टरला दाखवून घ्या."

त्याने झटकन मान वळवली. त्याला कळलं. पण बोलणार काय? बोलला तर युक्ती ठाऊक आहे हे कबूल, गप्प बसला तर म्हातारा. तिसरी खेप वाया गेली तेव्हा मात्र त्याचा तोल सुटला. "हे फ्रेम रेटचं लॉक कुणीतरी काढलंय! अनलिमिटेड केलंय कुणीतरी!"

"अगंबाई," मी म्हटलं, "असंही करता येतं? तुम्ही तर न बघता ओळखलंत!"

आणि पर्समधून कागद काढून रंगरावांच्या हातात दिले. "रंगराव, यंदाचं मी केलंय, सगळ्यांसमोर सांगते. गेल्या वर्षीचं कुणी केलं ते तुम्ही वाचा. तारीख आणि वेळ खाली आहे."

रंगरावांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं. मग विचारलं, "सलिल, आठ वाजून बारा मिनिटांनी इथे तुझ्याशिवाय कोण होतं?" सलिल मॉनिटरवरचा हार सरळ करायला लागला. "किल्ली टेबलावर ठेव," रंगराव म्हणाले, "आणि खुर्चीतून ऊठ."

एवढंच. पण त्या खोलीत त्याच्याकडे कुणी बघेना, सरकून कुणी जागा देईना. इतके दिवस जे हवं होतं ते मला मिळालं होतं.

"गोपाळ, ये," रंगराव म्हणाले. हे उठून आले. मशीनवर त्यांची जुनी फाईल मी चढवलेलीच होती. ह्यांनी आधी आकडा तीस आहे ना ते बघितलं आणि मग स्टिकवर हात ठेवला. विश्रांतवाडी सरसर खालून गेली. विमान कधी टेकलं ते कळलंही नाही. एकदा, दोनदा, तीनदा. सगळे टाळ्या वाजवत होते, माझे डोळे वाहत होते. ह्यांनी दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, वर्षानंतर पहिल्यांदा नीट बघितले. मी पेढा घेऊन त्यांच्याकडे गेले.

"ही फाईल तुला कधी सापडली?" त्यांनी विचारलं.

"गौरी गेल्या ना, त्याच आठवड्यात. अहो, मी तर..."

"म्हणजे स्कूटर गेली तेव्हा तुला माहीत होतं."

टाळ्या थांबल्या होत्या. मी म्हटलं, "हो, पण..."

"मी दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे गेलो तेव्हाही."

"अहो, असं काय करता? तुमच्यासाठीच केलं ना सगळं!"

"माझ्यासाठी असतं तर त्याच दिवशी मला सांगितलं असतंस," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. त्यांनी पेढा घेतला नाही, स्टिकवरून बोटांना लागलेलं कुंकू रुमालाने पुसलं आणि जिना उतरून गेले. त्यांची पावलं खालपर्यंत ऐकू येत होती.

मी पेढ्याचं ताट हातात घेऊन उभी. रंगराव वहीत डोकं घालून बसले, बाकीचे खुर्च्या उचलायला लागले. एकटा सलिल माझ्याकडे बघत होता, परक्या गावात आपलंच माणूस भेटावं तसा.