खोबण नसलेलं पिस्तूल

तुम्ही सगळ्यांना नेलंत आणि मला विसरलात. हातात पांढरे सुती मोजे घातलेत, तान्ह्या बाळाला उचलावं तसं एकेकाला उचललंत, फडक्यात गुंडाळून गाडीत ठेवलंत आणि सुटल्यासारखा श्वास सोडलात. ज्या एकाला न्यायलाच हवं होतं, तो मी वर स्वयंपाकघरात होतो. कपाटाच्या माथ्यावर, वेताच्या टोपलीत. आणि माझ्यात गोळ्या भरलेल्या होत्या.

मी पिस्तूल बोलतोय. कुणी निरखून बघावं असं माझ्यात काही नाही. माझ्यासारखी हजारो एकाच साच्यातून निघाली. त्यातला मी पेनसिल्व्हेनियातल्या एका काचकारखान्याच्या गावात आलो आणि आजवर तिथेच आहे.

रूडी कोवालचिकने मला घेतलं तेव्हा त्याला पिस्तुलांची आवड नव्हती, नुसती भीती होती. तो कारखान्यात रात्रपाळीला जायचा. घरी बायको लोरेटा आणि पाळण्यातली पोलीन. गल्लीत खालच्या अंगाला एका घराचं दार फोडलं गेलं, तसा त्याचा मित्र स्टश त्याला दुकानात घेऊन गेला. दोघांनी एकेक घेतलं. काय दाखवू, असं दुकानदाराने विचारलं तर रूडी म्हणाला, बायकोला झेपेल असं काहीही.

लोरेटाने मला कधीच चालवलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, एप्रनला हात पुसले आणि पोरीचा हात पोचणार नाही अशी जागा शोधली. ईस्टरच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये आशीर्वादासाठी अन्न न्यायची एक टोपली होती, वर्षभर रिकामी पडून असायची. तीत लोरेटाच्या आजीने सुईने भरलेला लाल गुलाबांचा रुमाल. त्या रुमालात तिने मला गुंडाळलं.

"देवाच्या टोपलीत हे?" रूडीने विचारलं.

"मग? देवाचं तरी लक्ष राहील," ती म्हणाली.

वर्षातून एकदा ती मला बाहेर काढायची, पावाच्या डब्यात ठेवायची, रुमाल धुऊन टोपलीत हॅम, गोड पाव आणि रंगवलेली अंडी मांडायची. चर्चमधून आली की पुन्हा मी आत. माझ्या अंगाला हॅमचा वास लागला तो गेलाच नाही.

मग एका वर्षी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये कोंबडीचं जेवण आणि सोडत होती. रूडीला सोडतीत एक जुनं रिव्हॉल्वर लागलं, निळसर चकाकीचं. त्याने ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि बघतच राहिला. मला त्याने घाबरून धरलं होतं. रिव्हॉल्वरला त्याने निरखलं. पुढे त्या रिव्हॉल्वरला जोड हवी म्हणून दुसरं आलं. मग रूडीच्या जन्मसालचं. मग एक, ज्याच्या मुठीचं लाकूड आता मिळत नाही म्हणे.

तळघरात पोलादी कपाट आलं. त्याच्या खणांत रूडीने हिरवं मऊ कापड बसवलं आणि प्रत्येक पिस्तुलासाठी त्याच्याच आकाराची खोबण स्वतः कापली. रविवारी मित्र यायचे, हातमोजे घालायचे, चर्चमध्ये बोलावं तसं हळू बोलायचे. मला वर जमिनीतून त्यांची कुजबुज ऐकू यायची. त्या पिस्तुलांत कधी गोळी घातली जायची नाही. ती फक्त सुंदर होती.

भीतीचं असंच असतं. ती जात नाही, कपडे बदलते. आणि एकदा तिला छंद म्हटलं की घरदार निश्चिंत होतं.

"हे शेवटचं," प्रत्येक वेळी रूडी म्हणायचा.

"तुझं शेवटचं पिस्तूल आणि स्टशची शेवटची बिअर," लोरेटा म्हणायची, "दोन्ही मी बरीच पाहिलीत. लोक टपाल तिकिटं जमवतात रे. ती निदान वहीत मावतात."

माझ्यासाठी खोबण कधी कापली गेली नाही. एखाद्या पाहुण्याने विचारलंच, की तुझं पहिलं कोणतं, तर रूडी हसून सांगायचा, ते संग्रहातलं नाही, ते घरचं आहे.

गेल्या पानगळीत लोरेटा गेली.

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस आला. त्या दिवशी आमच्या गावात शाळासुद्धा बंद असते. रूडी अंथरुणातून उठलाच नाही. नंतर त्याने आपला शिकारीचा कोट स्टशला देऊन टाकला. मला आता लागणार नाही, म्हणाला. स्टश कोट घेऊन घरी गेला, तर त्याची बायको आयरीन कोटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, ऊठ, गाडी काढ.

आमच्याकडे त्या गोष्टीचं नाव कुणी घेत नाही. मित्र येतात आणि सामान घेऊन जातात.

"तळघरात ओल आलीय लेका," स्टश म्हणाला. "उन्हाळ्यापर्यंत माझ्याकडे राहू देत."

तळघर कोरडं ठणठणीत होतं. रूडी म्हणाला, ने.

सगळे खण रिकामे झाले. स्टशने प्रत्येक खोबणीवरून हात फिरवला. मग जिन्यात थांबून विचारलं, अजून काही आहे का रे?

"खोबणी बघितल्यास ना?" रूडी म्हणाला.

खोटं असं तो काहीच बोलला नाही. आयरीनने सूपचं पातेलं चुलीवर ठेवलं, बरोबर माझ्या खाली. आणि सगळे गेले.

त्यानंतर रूडी दुपारचा टेबलाशी बसून वर बघायचा. देवाकडे बघतात तसं नाही. घड्याळाकडे बघतात तसं. एकदा त्याने टोपली उतरवली, रुमाल उघडला आणि मला मांडीवर घेऊन बसला. टेबलावरचं ऊन सरकून भिंतीवर गेलं तरी हलला नाही.

लोक म्हणतात, पिस्तूल माणसाला मारत नाही, माणूसच मारतो. मग मी तिथे काय करत होतो? मला ना बोलता येत होतं, ना टाळता येत होतं. मी जड होतो आणि तयार होतो. एवढंच मला येतं. त्या दुपारी त्याने मला परत ठेवलं. का, ते मला माहीत नाही. मी रुमालात पडून पुढच्या दुपारची वाट बघत राहिलो, आणि ती येऊ नये असंही मला वाटत राहिलं.

काल पोलीनचा फोन आला. "डॅडी, उद्या मी येतेय. मम्मीची टोपली यंदा मी नेणार चर्चला. तू फक्त रुमालाला इस्त्री करून ठेव."

आज सकाळी रूडीने टोपली उतरवली, मला भांडी घासायच्या जागेशी ठेवलं आणि रुमाल पसरला. गुलाबांच्या मधोमध माझ्या तेलाचा डाग होता, हुबेहूब माझ्या आकाराचा. माझी खोबण तिथे होती. त्याने साबण लावला, घासलं, पुन्हा घासलं. डाग जाईना.

मग मला घेऊन तो तळघरात उतरला आणि एकेका खोबणीत मला ठेवून पाहू लागला. एकीत मी सैल पडलो, दुसरीत शिरेना. माझ्या मापाची एकही नव्हती. तो खालच्या पायरीवर बसला, मी त्याच्या हातात. पोलीन वाटेत होती. ती दार उघडेल, हाक मारेल, आणि मग तिला काय दिसेल, हे मला कळत होतं. त्यालाही कळलं असावं. तो उठला.

वर येऊन त्याने माझ्यातल्या गोळ्या काढल्या आणि कॉफीच्या कपात टाकल्या. ओट्यावर आयरीनचं पातेलं धुऊन ठेवलेलं होतं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा लोरेटाचा नियम. रूडीने मला पातेल्यात ठेवलं, वर झाकण ठेवलं.

स्टशच्या घरी आयरीन अक्रोडाचे रोल लाटत होती, कोपरापर्यंत पिठात. रूडीने पातेलं तिच्या टेबलावर ठेवलं.

"लोरेटाने काहीतरी गोड घातलं असतं," तो म्हणाला.

तिने झाकण उचललं. आतून स्टश आला, मला पाहून भिंतीला टेकला. म्हणाला, मी सगळ्या खोबणी तपासल्या होत्या रे. रूडी म्हणाला, माहीत आहे, आणि खुर्चीत बसून ओंजळीत तोंड लपवून रडायला लागला. लोरेटा गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता. आयरीनने पिठाचा हात त्याच्या पाठीवर ठेवला. काळ्या स्वेटरवर पांढरा पंजा उमटला.

मी अजून पातेल्यातच आहे. रिकामा आणि हलका. माझं एकच मागणं आहे. मला फडक्यात गुंडाळू नका, माझ्यासाठी खोबण कापू नका, मला आठवण म्हणून ठेवू नका. मला वितळवून टाका. मी पुरेसं जगलो, आणि माझ्या जगण्याने कुणाचं भलं झालं नाही.

स्टश म्हणतोय, देतो याला बाकीच्यांच्या सोबत ठेवून. आयरीनने माझ्यावर झाकण ठेवलंय, पण तिचा हात झाकणावरून निघत नाही. ती नवऱ्याला विचारतेय,

"आणि रूडीबरोबर घेतलेलं तुझं पहिलं कुठे आहे, स्टश?"