बायची निळी पेटी

मी लशी वाहणारी एक जुनी निळी पेटी आहे. पट्टा दोनदा शिवलेला, झाकण एका बाजूने उचकटलेलं, आणि मुक्काम तलासरीकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात, मोडक्या खुर्चीखाली. कारखान्यातून निघाले तेव्हा मात्र मोठ्या तोऱ्यात होते. पोटात बर्फ आणि बर्फात लशी. माझ्यावाचून कुणाचं पान हलणार नाही, असं वाटायचं.

मित्रांनो, तो तोरा लवकरच उतरला. संगिता सिस्टर मला खांद्याला अडकवून पाड्यावर गेल्या, की बाया पोरं काखोटीला मारून रानात पळायच्या. त्यांना थांबवलं लाडकीने. ती पाड्याची सुईण. निम्मी पोरं तिच्याच हातात जन्मलेली. तिने आधी आपल्या लेकाला, जीवनला, सुई टोचून घेतली आणि हाका मारल्या, "या गं! बायची पेटी हाय, वाघ नाय!" पाड्यावर सिस्टरांना 'बाय' म्हणत. तेव्हापासून मला पाहून पोरं रडायची, पण आया हसत यायच्या.

वर्षं गेली. जीवन मोठा होऊन गुजरातेत मासेमारीच्या बोटींवर जाऊ लागला. एके वर्षी महालक्ष्मीच्या जत्रेहून परतताना रस्त्यात भांडण झालं आणि मुकेश नावाच्या बांगडीवाल्याचा जीव गेला. फुटलेल्या बांगड्यांवर मारणाऱ्याचं रक्त सापडलं. तो आमच्या पाड्याकडे पळाला, एवढंच कळलं होतं. पण तोवर पाड्यावरचे तरुण बोटींवर पांगले होते. मग त्यांच्या आयांचं रक्त घ्यायचं ठरलं. आईची खूण लेकराच्या रक्तात असतेच, ती डीएनए तपासणीत दिसते.

"सिकलसेलची तपासणी आहे म्हणा," तपास करणारे साहेब म्हणाले. "खरं सांगितलं तर एकही बाई येणार नाही."

सिस्टर घुटमळल्या. आणि मग पाड्यावर जाऊन, रक्ताच्या आजाराची तपासणी आहे, असंच बोलल्या.

लाडकी सगळ्यांच्या आधी आली. "घे बाय, हवा तवढा घे," म्हणत तिने हात पुढे केला. तिच्यामागून बाकीच्या आल्या. त्या कुप्या मी लशी जपाव्या तशाच गारव्यात जपून नेल्या, याची मला आजही लाज वाटते.

दोन महिन्यांनी लाडकीच्या रक्ताची खूण जुळली आणि पोलिसांनी जीवनला बोटीवरून उतरवून नेलं. त्याने गुन्हा कबूल केला. मुकेशच्या बायकोला न्याय मिळायलाच हवा होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लाडकी उपकेंद्रात आली ती रडत नव्हती.

"तू मना खरा सांगाया पायजे होता, बाय. मीच त्याचा हात धरून आनला असता."

एवढं बोलून ती निघून गेली.

त्यानंतर पाड्याची दारं आम्हाला बंद झाली. लाडकीची लेक रूपी हिला तान्ही मुलगी होती, सुकी. तिच्या गोवराच्या लशीसाठी आम्ही चार खेपा घातल्या. दर वेळी लाडकी दारात आडवी. "आता कोनाला पकडाया आलीस?" पुढच्या उन्हाळ्यात पाड्यावर गोवर आला. सुकी वाचली, पण तिचे डोळे गेले.

मित्रांनो, गुन्हेगार जरूर पकडा. पण ज्याच्या दंडाला सुई लावाल, त्याला ती कशासाठी ते आधी सांगा. तो नको म्हणाला, तर तेही ऐका. विश्वास एकदा नासला की कितीही बर्फ घाला, तो टिकत नाही.

सुकी आता चार वर्षांची आहे. रूपी तिला कधीकधी औषधाला आणते. ती चाचपडत माझ्यापाशी येते, झाकणावरून हात फिरवते आणि विचारते, "बाय, ह्या काय हाय?"

संगिता सिस्टर मला उचलून पुन्हा खुर्चीखाली सरकवतात.