कार्ड कुणाच्या नावाचं

"अहो, नटावरून हात काढा."

"मी कुठं लावलाय?"

"लावलाय. बघा खाली."

ह्यांनी खाली बघितलं. दोन बोटं नळीच्या पितळी नटावर जाऊन बसली होती. चोरी पकडल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला. दुकान उघडायच्या आधीची वेळ. परीक्षेला निघायचं होतं आणि आमचे हे रिकाम्या फ्रिजमागे उकिडवे बसून शेवटचा सराव करत होते. माझा पाय एका जागी ठरत नव्हता. शटर अर्धं वर केलं, खाली ओढलं, परत वर केलं.

"आधी ते शटर थांबव," हे म्हणाले. "डोक्यात जातंय माझ्या."

हे फ्रिज आणि एसी दुरुस्त करतात. आमच्या लग्नाच्याही आधीपासून. बाजारात सगळे उस्ताद म्हणतात आणि ते काही उगाच नाही. पण ह्यांची एक पद्धत आहे. सिलिंडरची नळी फ्रिजला जोडली की नट किंचित सैल करायचा, नळीतली हवा फुस्सकन बाहेर जाऊ द्यायची आणि मागोमाग येणारा गॅस तळहातावर घ्यायचा. एकदा भेसळीच्या सिलिंडरनं एका गिऱ्हाइकाचा कॉम्प्रेसर जळाला. तेव्हापासून तळहाताला गार लागल्याशिवाय ह्यांचा कुठल्याही गॅसवर विश्वास बसत नाही.

आता कायदा बदलला. जुना गॅस वर जाऊन हवामानाचं नुकसान करतो म्हणून तो बंद होत चाललाय, आणि नवा आलाय तो पेट घेतो. म्हणजे दोन्हींतला एकही बाहेर सोडायचा नाही. नळीतली हवा पंपानं ओढायची, जुना गॅस मशीननं रिकाम्या सिलिंडरमध्ये भरून घ्यायचा. हे परीक्षकासमोर करून दाखवलं की सरकारी कार्ड मिळतं. कार्ड नाही तर गॅस नाही. गोदामवाल्यानं मला तोंडावर सांगितलं, "काकू, उस्तादांना मी काय आज ओळखतो का? पण कार्डाशिवाय सिलिंडर दिलं तर माझ्याच गोदामाला टाळं लागेल." आणि गॅसच नसेल तर आमचं दुकान म्हणजे नुसतं पान्यांचं प्रदर्शन.

पहिल्या परीक्षेत हे नापास झाले होते. सगळं बरोबर आणि शेवटी फुस्स. जित्याची खोड ती. आता पुन्हा राहिले तर पुढच्या वर्षीच्या वर्गापर्यंत थांबायचं, आणि तोवर गिऱ्हाईक थोडंच थांबतंय? म्हणून ह्या खेपेला मीही नाव घातलं. इतकी वर्षं शेजारी बसून नळ्या धरल्यात, काम मला येतं. "दोघांतल्या एकाला तरी लागेल," असं हे हसत म्हणाले होते. नणंदबाईंना मात्र हसू आलं नाही. फोनवर म्हणाल्या, "वहिनी, तू पास झालीस आणि दादा राहिला तर? खचेल गं तो." मी म्हटलं, "वन्सं, आधी परीक्षा तर होऊ द्या." फोन ठेवला, पण ते बोलणं काही मनातून जाईना.

परीक्षेची खोली काचेच्या भिंतीआड होती. बाहेर बाक. आत एकेकाला बोलवत होते. परीक्षक बाई आमच्या मुलीच्या वयाच्या असतील, पण बोलायला गोड. ह्यांना म्हणाल्या, "काका, घाई नको. आधी घाम पुसा."

मी बाकावर बसलेच नाही. काचेला नाक लावून उभी राहिले. ह्यांनी गॅसचा दाब मोजायचं घड्याळ जोडलं, जुना गॅस मशीननं ओढून घेतला, पंप लावला. हात कसे सुरेख चालत होते, एकही हालचाल वाया नाही. हा माणूस नापास कसा होऊ शकतो, असं मला वाटायला लागलं. आता फक्त नव्या गॅसचं सिलिंडर उघडायचं होतं. तिथंच आमचं घोडं पेंड खातं. ह्यांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी डावा हात पाठीमागे नेला आणि उजव्यानं हळूच सिलिंडरची चावी फिरवली.

मी श्वास सोडला. तेवढ्यात पाठीमागचा हात पुढे आला. ह्यांचं लक्ष घड्याळाच्या काट्यावर होतं, हाताकडे नव्हतंच. बोटांनी नट फिरवला, तळहात समोर झाला. जमिनीलगत ठेवलेला, गॅस सुटला की वाजणारा अलार्म टीं टीं करायला लागला.

"काका, थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं.

हे बाहेर आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "डाव्या हातानं घात केला. उजव्याला मी नीट समजावलं होतं."

मला हसू आलं आणि रडूही. "पाणी प्या," एवढंच म्हटलं.

"जा तू. तुला बोलवतायत."

आत गेले तेव्हा कामाची भीती नव्हती. घड्याळ, मशीन, पंप, सगळं ओळीनं झालं. आणि नटापाशी आल्यावर मी थांबले. मनात आलं, जरासा सैल करायचा. अलार्म वाजेल, बाई थांबा म्हणतील, आणि आम्ही दोघं सारखेच घरी जाऊ. दुकान जाईल तर जाईल. आपल्याच दुकानात बायकोच्या कार्डावर काम करायची वेळ ह्यांच्यावर येणार नाही. कबूल करते, माझी बोटं नटावर गेली होती.

वर बघितलं तर काचेपलीकडे हे. दुकानात मी चुकीचा पाना दिला की हे कधी ओरडत नाहीत, नुसते भुवया चढवून बघतात. तस्सं बघत होते. मग त्यांनी एकदाच मान हलवली. नाही म्हणून.

मला असा राग आला म्हणता. हरलेल्या माणसानं कोपऱ्यात बसून रडावं ना, मला कसलं शिकवताय? त्या रागातच बोटं काढली आणि सिलिंडर उघडलं. खोलीत काही वाजलं नाही.

परतीच्या बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत बसले होते. तसेच बाहेर बघत म्हणाले, "मुद्दाम नापास होणार होतीस ना?"

"छे."

"खोटं बोलू नकोस. तुझी बोटं नटावर जायचं कारणच नव्हतं. ती खोड माझी आहे."

"मग काय करू? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलंच आहे," हे म्हणाले. "फार वाटलंय. पण ते माझं मी बघतो. तू दुकान बघ."



कार्ड आलं. गोदामवाल्यानं सिलिंडर दिलं. पहिलं बोलावणं औषधाच्या दुकानातून आलं, इंजेक्शनं ठेवायचा फ्रिज गार होत नव्हता. नव्या गॅसचाच होता. नियमाप्रमाणे नळी उघडायची ती कार्डवाल्यानंच. ह्यांनी सिलिंडर उचललं, मशीन उचललं, मला पिशवीसुद्धा घेऊ दिली नाही. रस्ताभर माझ्या पुढे पुढे चालत होते, कुणाशी बोलायला थांबले नाहीत.

औषधवाला दारातच होता. "या, या उस्ताद. बरं झालं लवकर आलात."

"उस्ताद ह्या," हे म्हणाले. "मी मदतीला आलोय."

औषधवाला हसला. त्याला थट्टा वाटली. हे हसले नाहीत. त्यांनी फ्रिज भिंतीपासून ओढून घेतला, मागची जागा फडक्यानं पुसली आणि मला बसायला पोतं अंथरलं.

मी बसले. मागे अंधार होता, नळ्या दिसत नव्हत्या. ह्यांचे गुडघे दुखतात, तरी ते माझ्या शेजारी खाली बसले. बॅटरी लावली आणि काही न विचारता मला हवा होता तिथंच उजेड धरला.