क्लच नसलेल्या गाडीचा क्लच

"काका, ज्या गाडीला क्लचच नाही, तिचा क्लच बिघडतो कसा?"

शंका माझी, पण ती भर गॅरेजमध्ये विचारून दाखवायची पैज माझ्या दोन मैत्रिणींची. एकीला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण ती बंद होत नाही. दुसरी प्रोफेसर, कारण कशावरही तिचं पहिलं वाक्य "तसं नाहीये ते" असतं. दोघी फाटकाबाहेर सायकली धरून फिदीफिदी हसत होत्या. गेल्या वर्षापर्यंत मी दुकानात साधी पेन्सिल मागायलासुद्धा आईला पुढे करायचे. पण वक्तृत्व स्पर्धेत शाळेसमोर उभी राहून बोलले, आणि तेव्हापासून माझी भीती कुठे गेली ते मलाच माहीत नाही.

मिस्त्रीकाका गाडीखालून पाठीवर सरकत बाहेर आले. मला वाटलं, आता ओरडा बसणार.

"चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. "गेले कित्येक दिवस मलाही तोच पडलाय."

गाडी माझ्या आत्याची. बाबांची मोठी बहीण, आमच्याच घरात राहते. गाडी गोल पाठीची, फिक्या हिरव्या रंगाची, बाबांच्या लग्नाच्याही आधीची. पायाशी दोनच पेडल. आत्याचा डावा गुडघा लहानपणापासून अधू, म्हणून तिने मुद्दाम शोधून घेतलेली. "या गाडीत डावा पाय नुसता प्रवासी असतो," असं ती म्हणते.

"क्लच आहे, पण पायाखाली नाही," काका मला दांडा दाखवत म्हणाले. "गिअरच्या या दांड्याला हात लागला, की मुळाशी विजेचा एक कॉन्टॅक्ट जुळतो. टक! लगेच इंजिनाजवळची ही डबी नळीतून हवा ओढते आणि क्लच सोडवते. तू गिअर बदलायचा, हात काढायचा, की क्लच परत धरतो. अर्धं काम तुझं, अर्धं गाडीचं."

"म्हणजे बाबा आईला स्वयंपाकात मदत करतात, तसं?"

"ते मला विचारू नकोस, मी लग्न झालेला माणूस आहे," काका म्हणाले.

दांडा कळला, पण रोग कळेना. आत्या रस्त्याने नीट चाललेली असायची आणि मध्येच इंजिन बोंब मारायचं. आवाज भरपूर, ओढ शून्य. गाडी आपली घरंगळत कडेला. थोड्या वेळाने आपोआप ठीक. काकांनी कॉन्टॅक्ट घासले, फट वाढवली, हवेची नळी बदलली, डबी उघडून पाहिली. मग स्वतः चालवून पाहिली. लोण्यासारखी! बाबांनी चालवली. लोण्यासारखी! आत्या बसली, की पुन्हा बोंब.

घरात काय, बाहेर काय, प्रत्येकाचा वेगळा सिद्धांत होता. आई म्हणायची, गाडी थकली. काका म्हणायचे, वायर कुठेतरी आतून तुटलीय, मनाला येईल तेव्हा जुळते. प्रोफेसर म्हणाली, "तसं नाहीये ते, हवेतल्या दमटपणाने होतं." रेडिओने गाडीला नजर लागल्याचं जाहीर केलं. बाबा काहीच म्हणायचे नाहीत, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. कारण ते गाडीकडे नाही, आत्याकडे बघायचे.

एकदा जेवताना त्यांनी विषय काढलाच. "ताई, विसरून हात ठेवत असशील दांड्यावर. होतं असं वयाने."

"बाळू, मी ही गाडी चालवत होते तेव्हा तू तीनचाकीवरून पडत होतास," आत्या म्हणाली. पण नेहमीचा ठसका नव्हता तिच्यात. बाबांनी जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका माणसाला रविवारी बोलावल्याचं सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं."

बरं? माझी आत्या 'बरं' म्हणणाऱ्यातली नाही! नदीपलीकडे तिचा शिवणवर्ग आहे. बसची पायरी तिला चढवत नाही. गाडी गेली की वर्ग गेला, आणि वर्ग गेला की ती दिवसभर खिडकीत बसून आमच्या शिवणी उसवत बसणार. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. गाडी खोटी की आत्या?

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी तिला गाठलं. "मला वर्गाला घेऊन चल. मी आवाज ऐकणार आहे."

"तू काय डॉक्टर आहेस?"

"काकांनी सांगितलंय, टक ऐकू यायला हवा. माझे कान तरुण आहेत."

"आणि जीभ त्याहून," आत्या म्हणाली. "थांब जरा, माझा चष्मा गाडीत राहिलाय." ती एकटीच पुढे गेली. हे तिचं नेहमीचं. बाबांनी किल्ली मागितली, की हिचा चष्मा गाडीत राहिलेलाच. मी गेले तेव्हा ती शाल नीट करत होती. माझी सीट आणि गिअरचा दांडा यांच्यामध्ये तिची तपकिरी शाल गुंडाळून ठेवली होती.

"ही मागे टाकू का?"

"राहू दे तिथेच. मला थंडी वाजते."

बाहेर ऊन रणरणत होतं, पण मी वाद घातला नाही. मी कान टवकारून बसले. सरळ रस्ता, सगळं छान. बँकेपाशी डावीकडे वळलो, आणि टक! इंजिन किंचाळलं, गाडी मरगळली. आत्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी डोळ्यांनी बघितले, दोन्ही!

"बघ, हात आहेत ना वर?" ती मलाच विचारत होती. "आहेत ना गं?"

"आहेत आत्या, दोन्ही आहेत!"

पुढे शाळेपाशी उजवीकडे वळलो, आणि गाडी सुतासारखी सरळ. मग दवाखान्यापाशी डावं वळण. टक, बोंब! आता मात्र माझं डोकं गरगरलं. वायरीला डावं-उजवं कसं कळतं? हवेला कळतं? नजर फक्त डावीकडूनच लागते?

"परत एकदा डावीकडे घे," मी म्हणाले.

"वर्गाला उशीर होतोय."

"आत्या, एकदाच!"

तिने घेतलं. या वेळी मी इंजिनाकडे नाही, खाली बघत बसले. वळताना शाल हलली. नुसती हलली नाही, तर एखादं मांजर अंग टाकतं तशी दांड्यावर रेलली. आणि टक.

मी शाल ओढून बाजूला घेतली. गाडीने लगेच पकड घेतली. माझ्या हातात मात्र शालीपेक्षा जड काहीतरी होतं. वाकड्या मुठीची, रबरी टोकाची, कोरी करकरीत काठी.

आत्याने गाडी कडेला घेतली. मला हसू येत होतं आणि हसावं की नाही तेच कळत नव्हतं.

"गेल्या महिन्यात वर्गाच्या पायऱ्यांवर घसरले," ती समोर बघत म्हणाली. "काही मोडलं नाही. पण तेव्हापासून गुडघा धरत नाही. घरात काय, भिंती आहेत, टेबलं आहेत. तिथे गाडीपासून दारापर्यंत धरायला काही नाही."

"म्हणून चष्मा राहायचा गाडीत!"

"बाळू किंवा मिस्त्री बसायच्या आधी काठी काढून ठेवायचे. बाळूने पाहिली असती, तर त्याच दिवशी किल्ली गेली असती." मग ती थांबली. "म्हणजे... माझा हात नव्हता?"

"नव्हता."

"मला वाटलं, माझंच डोकं जायला लागलं. हात कधी ठेवते ते मलाच आठवत नाही, असं वाटलं. म्हणून 'बरं' म्हणाले त्याला."

मी काठी तिच्या मांडीवर ठेवली.

"घरी सांगू नकोस," ती म्हणाली.

"मग गाडी जाईल."

"सांगितलंस तरी जाईल."

दोन्ही बरोबर होतं, आणि तिथेच सगळा घोळ होता. येताना काठी मी माझ्या बाजूला, दाराला टेकवून धरली. डावीकडची सगळी वळणं लोण्यासारखी गेली. पण मला काही आनंद होईना.

रात्री जेवणं आटोपली आणि बाबांनी फोन उचलला. "रविवारची वेळ पक्की करून टाकतो."

"बाबा, थांबा," मी म्हणाले. "गाडी बरी झालीय."

"बरी झाली? काय होतं?"

मी आत्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे. आई दोघींकडे. मी तोंड उघडलं, पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता, म्हणून पुन्हा मिटलं. आत्या उठली, टेबल धरत, भिंत धरत बाहेर गेली. बाबा म्हणाले, "हिला काय झालं?" तेवढ्यात अंगणातून आवाज आला. टक. टक. टक. या वेळी तो कॉन्टॅक्टचा नव्हता.

"हे होतं," आत्या दारात उभी राहून म्हणाली. "तुझी बहीण नव्हे, बाळू. ही."

बाबा काठीकडे बघतच राहिले. मी शाल, वळण, दांडा, सगळं एका दमात सांगितलं. आई आधी हसली, मग तिने तोंडावर हात ठेवला.

"तू पडलीस आणि मला सांगितलं नाहीस?" बाबांचा आवाज चढला. "मग आता तर विकायलाच हवी!"

"उजव्या पायाला काय झालंय?" आत्या म्हणाली. "ब्रेक त्याचा, ॲक्सिलरेटर त्याचा."

"पण काठी..."

"काठी गाडी चालवत नाही रे."

"आत्ता तूच म्हणालीस, की चालवत होती!"

आई पुन्हा हसली. बाबा इतके गोंधळले होते, की फोन उलटा धरून बसले होते. बाबा काळजीने बोलत होते, हे मला दिसत होतं. पण आता गप्प बसले असते, तर परत पेन्सिल मागायला आईला पुढे करणारी झाले असते. मी खुर्ची मागे सरकवून उभी राहिले.

"आई, बाबा, मी ठरवलंय. परवापासून सुट्टी लागतेय ना? पूर्ण सुट्टी मी मिस्त्रीकाकांच्या गॅरेजमध्ये काम शिकायला जाणार. आज वर्गावरून येताना त्यांना विचारलंय, ते हो म्हणालेत. पहिलं काम मी आत्ताच ठरवलंय, आत्याच्या गाडीच्या दाराला आतून काठी अडकवायची कडी बसवायची. काम रविवारी आहे. त्यामुळे त्या माणसाला कळवून टाका, रविवारी गाडी मोकळी नाही."